डांबराखाली काय दडलंय?

"खालून कोटिंग केलेलं आहे ताई, गंजाची काळजीच नको!" जुनी गाडी विकणारा असो नाहीतर दुरुस्त करणारा, हे वाक्य ठरलेलंच. आणि आपण बायका मान डोलावतो. गाडीखाली वाकून बघणं हे आपलं काम नाही, असं कुणी न सांगताच आपण शिकलेल्या असतो ना! मला विचाराल तर जुन्या कोटिंगवर विश्वास ठेवण्याऐवजी त्याचा आधी संशय घ्यावा.

विषय निघाला आमच्या महिला मंडळातल्या एका ताईंच्या पद्मिनीवरून. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पूर्वी फिएट म्हणून ओळखली जाणारी प्रीमियर पद्मिनी. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर थांबली, पण गावोगावच्या पडव्यांत, शेडमध्ये या गाड्या अजून आहेत. ताईंच्या यजमानांनी १९८४ मध्ये हौसेनं घेतलेली. ते गेल्यावर गाडी उभीच होती, दसऱ्याला हार घालण्यापुरती. आता जावई म्हणतात, ठीकठाक करून घाटातून कोकणात नेऊ. गॅरेजवाल्याचा सल्ला एकच, जुन्या डांबरावर नवा थर मारून टाका, वरून चकाचक.

ओल आलेल्या भिंतीवर दिवाळीला ऑईलपेंट मारला तर काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. इथंही तेच. गाडीखालचं डांबर नवं असतं तेव्हा मऊ, चिवट असतं आणि पत्र्याला धरून राहतं. वर्षं गेली की ते वाळतं, तडकतं, कडेनं सुटतं. त्या फटीतून पावसाचं पाणी आत शिरतं. बाहेर पडायला वाट नाही, ऊन-वारा लागत नाही. उघडा पत्रा निदान सुकतो तरी. हा बिचारा कायम ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा! समुद्राकाठी तर हवेतलं मीठ त्यात भर घालतं. वरून मात्र सगळं काळंभोर, धडधाकट.

कुणी म्हणेल, चार ठिकाणी गंजली तर काय बिघडलं? बिघडतं. ट्रक किंवा जुन्या जीपला खाली वेगळी मजबूत चासी असते. पद्मिनीला तशी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पोकळ पट्टी, तळाचा पत्रा, मागचे पाटे जिथं अडकवलेले असतात त्या जागा, यांच्यावरच सगळा भार. ताईंच्या गाडीला जॅक लावला तेव्हा गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच कर्रकन पत्र्यात घुसला. सुदैवानं खाली कुणी नव्हतं.

म्हणून आधी तपासणी, मग पैशाची गोष्ट. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कुणी शिरायचं नाही, घोड्यांवर नीट टेकवून घ्यायची. आतल्या मॅट उचला. खाली ओल किंवा कुबट वास आला तर समजा. डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून बघा. खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. (मडकं वाजवून घेणाऱ्या आपल्याला हे कान काही नवे नाहीत!) डांबर फुगलंय तिथं टोकानं दाबा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फुगा दिसला की आत तो असणारच. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी बहुधा लांबी भरलेली.

जुनं डांबर गरम करून खरवडतात किंवा डिझेलनं मऊ करून पुसतात. काम घाणेरडं आणि वेळखाऊ, म्हणून तर कारागीर टाळतात. चष्मा आणि मास्क हवाच. वेल्डिंग करायचं तर आसपासचं डांबर आधी पूर्ण काढायला लावा आणि पेट्रोलची टाकी उतरवायला लावा, कारण डांबर पेट घेतं. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, वर पत्र्याचा तुकडा ठोकून लपवायचा नाही. मग प्रायमर, मग नवं कोटिंग. दारांच्या आणि पट्ट्यांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती नेमकी कोटिंगनं बुजवून टाकतात! स्वतः काडी घालून बघा. पोकळ भागात आतून मेणासारखं गंजरोधक फवारलं तर उत्तम.

आणि कामाचे फोटो मागा, खरवडल्यानंतरचे, नवा रंग देण्याआधीचे. पैसे आपण मोजणार तर पत्रा बघण्याचा हक्कही आपलाच. फोटोला नाही म्हणणाऱ्या माणसाकडे मी तरी गाडी ठेवणार नाही.

ताईंनी आता एका म्हाताऱ्या डेंटरला काम दिलंय. डांबर अर्धं निघालंय. डाव्या पट्टीचा निम्मा पत्रा हातातच आला, तळाला ताट बसेल एवढं भोक. मागच्या पाट्यांच्या जागा अजून बघायच्या आहेत. त्या सडक्या निघाल्या तर खर्च झेपेलच असं नाही, हेही ताईंना ठाऊक आहे. जावयांना त्यांनी स्पष्ट सांगून टाकलंय, त्या जागा बघून होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.