नकाशावरची सहल : जिथे मोटार पोचत नाही

मुलांनो, नकाशाची वही काढा बरं. पोर्तुगालची राजधानी लिस्बन सापडली? आता तिथून बोट सरळ पश्चिमेला सरकवा, अटलांटिक महासागरात. सुमारे दीड हजार किलोमीटर गेलात की भरसमुद्रात नऊ ठिपके दिसतील. ही अझोर्स बेटं, पोर्तुगालचीच. त्यातलं एक शेवग्याच्या शेंगेसारखं लांबुडकं आहे. त्याचं नाव साओ जॉर्ज. लांबी ५४ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त ७!

मी तिथे गेलेले नाही हं, आधीच सांगते. आपली सहल नकाशा आणि फोटो घेऊन वर्गात बसूनच.

हे बेट ज्वालामुखीने घडवलेलं. किनारा म्हणजे सरळसोट उंच कडे. पण कड्याच्या पायथ्याशी मधूनमधून सपाट जमिनीचे तुकडे आहेत. काही लाव्हा समुद्रात उतरून झाले, काही दरडी कोसळून. तिथले लोक अशा जागेला ‘फाझा’ म्हणतात. बेटावर त्या सत्तरहून जास्त आहेत. १७५७ साली मोठा भूकंप झाला, हजाराच्या आसपास माणसं गेली, आणि कोसळलेल्या कड्यांतून नव्या फाझा तयार झाल्या.

आपल्याला जायचंय उत्तर किनाऱ्यावरच्या एका फाझाला. नाव मोठं आहे, कल्देइरा दी सांतो क्रिश्तो. डोंगरावरून पायवाटेने खाली उतरायचं, नाहीतर शेजारच्या फाझाकडून किनाऱ्याच्या कडेने तासभर चालायचं. मोटारीचा रस्ता नाही. सामान वाहणारी चार चाकांची लहान फटफटी तेवढी कशीबशी जाते. खाली गेलात की एक छोटं चर्च, काळ्या दगडांची थोडी घरं, एक तळं, आणि दगडगोट्यांच्या बांधापलीकडे समुद्र.

आणि लाटा! त्यांच्यासाठी जगभरातून माणसं पाठीवर फळी बांधून ही वाट तुडवत येतात. फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारायचं, लाट मागून आली की झटकन उभं राहायचं आणि तिच्या उतारावरून घसरत जायचं. याला म्हणतात सर्फिंग.

या लाटा येतात कुठून? हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये मोठी वादळं होतात. वारा पाण्याला ढकलतो आणि त्या लाटा शेकडो, कधी हजारो किलोमीटर प्रवास करतात. पण गंमत बघा, पाणी काही तेवढं चालत येत नाही! भाताच्या शेतावरून वारा गेला की हिरवी लाट बांधापर्यंत धावते, रोपं मात्र जागच्या जागी डोलतात. तसंच हे. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ झाला की लाटेचा खालचा भाग अडखळतो, वरचा पुढे झेपावतो आणि लाट फुटते. इथे तळाला दगडगोटे आहेत. पडलं तर वाळू नाही, दगड! म्हणून नवशिक्यांनी इथे उतरायचं नाही.

त्या तळ्यात तिसऱ्या मिळतात. तुमच्यातल्या कोकणातल्या मुलांच्या तोंडाला पाणी सुटलं ना? पण वाटेल तितक्या काढता येत नाहीत. १९८४ पासून हे तळं राखीव आहे. काढण्यावर मर्यादा आहे आणि बंदीचा काळही, आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते तसा.

१ जानेवारी १९८० ला पुन्हा भूकंप झाला. अझोर्समध्ये साठहून जास्त माणसं दगावली. दरडींनी वाटा बुजल्या, इथल्या लोकांना घरं सोडावी लागली. पुष्कळजण कायमचे परतलेच नाहीत. ही शांतता तिथे उगीच आलेली नाही.

हे सांगून मी वर्गाला विचारलं, “तिथे रस्ता करावा का?”

मुलं पेटली! “नको बाई, गर्दी होईल, कचरा होईल.” मी त्यांना मदैरा बेटावरच्या जार्दिम दु मार गावाची गोष्ट सांगितली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे किनाऱ्याला काँक्रीटची भिंत आणि फिरायचा रस्ता झाला. सर्फिंग करणाऱ्यांनी विरोध केला, तरी झाला. आता भरतीला लाट भिंतीवर आपटून उलटी फिरते, पूर्वीसारखी मिळत नाही. झालं! सगळे हात ‘नको’ला वर.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, तिथली आजी आजारी पडली तर?”

वर्ग गप्प. मला आमची वाडी आठवली. रस्ता आला तेव्हा मी चौथीत होते. त्याच्या आदल्या पावसात आजीचा पाय मोडला, तिला डोलीत घालून चौघांनी घाटी उतरवली. मी छत्री धरून मागे, आणि छत्री काही तिच्यापर्यंत पोचत नव्हती. आता रस्त्याने सहलीच्या गाड्या येतात, आमच्या विहिरीत बाटल्या टाकतात. तरी रस्ता नको होता असं मला म्हणवत नाही. लांबच्या गावाला ‘असंच राहा’ म्हणणं सोपं असतं.

पुन्हा हात वर करायला सांगितले. नको १७, हवा १४. एकजण म्हणाला, “बाई, तुमचा हात?”

मी म्हटलं, “तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलंय का, ते आधी शोधून काढू या.”

तुमच्या घरी काय ठरतं? आईबाबांनाही हात वर करायला लावा, आणि पोस्टकार्डावर मला कळवा.