घड्याळाचा रोजमेळ

रोजमेळ जुळल्याशिवाय पेढीचा दिवस संपत नाही. युरोपातील असंख्य घरांत भिंतीवरचे घड्याळही रोज असाच मेळ घालते. अँटवर्प येथील जैन हिरेव्यापारी कुटुंबांना असे घड्याळ सहज मिळते. मार्च व ऑक्टोबरमधील एका तासाचा फेरबदलही ते आपणहून करते.

मुळात ते साधे क्वार्ट्झ घड्याळच असते. महिन्याकाठी काही सेकंद ते चुकतेच. ही चूक दूर करते एक रेडिओलहर. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन येथील डीसीएफ ७७ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर ती प्रक्षेपित करते. तिचे नियंत्रण अणुघड्याळांकडे असून त्यांवर ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेची देखरेख असते. १९७३पासून या लहरीतून वेळ व तारीख सांकेतिक रूपात पाठविली जाते.

प्रत्येक सेकंदाच्या आरंभी लहरीचा जोर क्षणभर घटतो. ही घट ०.१ सेकंद टिकली तर शून्य, ०.२ सेकंद टिकली तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला खूण मुद्दाम गाळलेली असते. त्या मौनानंतरची खूण म्हणजे नव्या मिनिटाचा आरंभ. अशा रीतीने मिनिटभरात मिनिट, तास, वार, तारीख, महिना व वर्ष कळते.

परंतु वीज कडाडली वा जवळचे एखादे यंत्र सुरू झाले की संकेत बिघडतो. म्हणून मिनिट, तास व तारीख यांसाठी ताळ्याची प्रत्येकी एक खूण ठेवलेली असते. तिच्यासह त्या गटातील एकांची संख्या सम आली पाहिजे; विषम आल्यास निरोप त्याज्य. मात्र दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, हे प्रत्येक मुनीम जाणतो. यासाठी चांगली घड्याळे लागोपाठच्या मिनिटांचे निरोपही पडताळतात. हे काम बहुधा रात्री चालते. तेव्हा व्यत्यय कमी असतो.

या लहरीचा पल्ला सुमारे २००० किलोमीटर आहे. त्यामुळे तेथून भेट आलेले घड्याळ मुंबईत चालते, पण त्याला ताळा मिळत नाही. वेळ हातानेच लावावी लागते आणि लहानसहान चूक दिवसेंदिवस साचत जाते. यंत्र तेच, क्वार्ट्झही तोच. तुटलेला असतो तो केवळ रोजचा पडताळा. नित्य प्रतिक्रमण करणाऱ्या घराला या पडताळ्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.