टोपलीखाली काही नसलं तरी

फेब्रुवारी उजाडला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळासचे फोटो फिरायला लागतात. ओल्या वाळूवरून समुद्राकडे निघालेली कासवाची इवलीशी पिल्लं आणि त्याखाली 'यंदा जायचंच'च्या कमेंट्स. प्लॅन तीनदा ठरतो, तीनदा फिसकटतो. मग कुणीतरी एकट्यानेच सॅक भरतं, एसटीने मंडणगड गाठतं आणि दोन रात्री वेळासला राहून येतं. असं एकट्याने निघणं चांगलंच आहे. फक्त या ट्रिपमधल्या शेवटच्या सकाळबद्दल थोडं बोलायला हवं.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं गाव. इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी वाचवायला सुरुवात केली. पुढे वनविभाग आला, कासव महोत्सव आला, घरोघरी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली. आजही कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी अलगद उचलतात आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तसाच खड्डा करून पुरतात. एका घरट्यात साधारण शंभरेक अंडी असतात. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि साधारण सकाळी सात व संध्याकाळी सहाच्या सुमारास ती उचलून बघतात. पिल्लं असली तर ती समुद्राच्या दिशेने सोडायची, नसली तर टोपली परत जागेवर.

आता हिशेब करा. पहिल्या संध्याकाळी टोपली रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी, संध्याकाळीही रिकामी. उरते ती शेवटची सकाळ. अशा वेळी भल्याभल्यांचा तोल जातो. ''दादा, आज तरी नक्की ना? माझी दहाची गाडी आहे.'' ''जरा वाळू उकरून बघता येईल का?'' ''काल रात्री आली असतील तर ती आमच्यासाठी ठेवायची ना!'' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. इतक्या लांबून आलोय, एवढंच असतं.

पण या मागण्यांची किंमत पिल्लू मोजतं. अंड्यातून बाहेर पडताना त्याच्या पोटात बलकाचा थोडासा साठा शिल्लक असतो. वाळू ओलांडायची, लाटा कापायच्या आणि शिकारी माशा-पक्ष्यांची वर्दळ असलेला उथळ भाग मागे टाकायचा, तो या शिदोरीवर. टोपलीत किंवा टबात ताटकळत ठेवलेलं पिल्लू धडपडत राहतं आणि पाण्यात पोचण्याआधीच दमतं. वाळू आधीच उकरली तर पूर्ण तयार न झालेली पिल्लं उघडी पडतात. मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेडाच्या दिशेने जाणारं पिल्लू समुद्र सोडून तुमच्याकडे वळतं. मोठं होईपर्यंत हजारात एखादंच जगतं असं म्हणतात. त्यात आपण आणखी भर कशाला घालायची?

हा प्रश्न एकट्या वेळासचा नाही. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी अडवली. व्हिडिओ फिरले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती ड्रायव्हर आणि गाइडवर. त्यांचं चुकलंच. पण 'साइटिंग झालं पाहिजे' हा धोशा मागच्या सीटवरून येतो, हेही खरं. वेळासचा कासवमित्र रोज अशाच पाहुण्यांसमोर उभा असतो. त्याला 'नाही' म्हणता यावं, ही जबाबदारी पाहुण्याचीही आहे.

आणि इथे एकट्याने फिरणाऱ्याची बाजू भक्कम आहे. चाळीस जणांच्या ग्रुपला 'पैसे वसूल' लागतं, कुणी रुसतं, कुणी भांडतं. एकट्याला कुणाची समजूत काढायची नसते. फोन खिशात ठेवला तर दाखवायचंही कुणाला नसतं. टोपली रिकामी निघाली तर पुळणीवर तासभर बसता येतं, ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेकड्यांनी रचलेल्या गोळ्यांची नक्षी बघता येते. त्यासाठी वेळही असतो आणि शांतताही.

शिवाय ही सकाळ शेवटची असते ती आपली. कासवाचं वेळापत्रक वेगळं आहे. आज समुद्रात गेलेली मादी अंडी घालायला किनाऱ्यावर येईल ती दहा-पंधरा वर्षांनी. २०२२ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या पाच माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले, त्यातली पहिली वेळासची, म्हणून तिचं नाव 'प्रथमा'. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्खा द्वीपकल्प वळसा घालून ती आली होती. अशा प्राण्याने आपल्या दहाच्या गाडीआधी दर्शन द्यावं, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

तेव्हा यंदा जाणार असाल तर जरूर जा. गावातच राहा, गावातच जेवा. पिल्लू दिसो न दिसो, त्या पैशांमुळेच गावाला ही घरटी राखणं परवडतं. जमलं तर एक दिवस हाताशी जास्त ठेवा. आणि शेवटच्या सकाळी टोपलीखाली नुसती वाळू निघाली, तर 'आता काय?' असं तोंड करण्याऐवजी कासवमित्राला विचारा, ''या घरट्याचे किती दिवस राहिले?'' तो तारखा मोजून सांगेल. तेवढं ऐका आणि निघा, एसटी चुकायची नाहीतर.