दोर ओढणारे हात

ग्लायडरला इंजिन नसते. मोटार किंवा विंच लांब दोराने त्याला वाऱ्यासमोर ओढते. उंची गाठताच वैमानिक दोर सोडतो. पुण्याच्या हडपसर येथील शासकीय ग्लायडिंग केंद्रात विंचचीच रीत आहे. पुढचा प्रवास वैमानिकाच्या कौशल्यावर आणि तापून वर चढणाऱ्या हवेवर चालतो. दोराने ओढले म्हणून त्या वैमानिकास कोणी अपात्र म्हणत नाही. मग शिष्यवृत्तीला आणि वसतिगृहालाच ‘कुबड्या’ का म्हणावे?

1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे मिळवलेली विद्वत्ता मात्र त्यांची स्वतःची होती. पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून त्यांनी इतरांसाठी दोर हाती घेतला.

देवणीच्या या निवासी शाळेने ज्यांना ओढले, त्या माजी विद्यार्थ्यांनी आता ओढणारे व्हावे, असे आम्हांस वाटते. ग्लायडर वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय 16 वर्षे आहे. दहावीच्या मुलामुलींना हडपसर दाखवण्याचा खर्च त्यांनी उचलावा.

पालकांना मात्र एक विनंती. उंची आल्यावरही दोर सुटला नाही, तर तोच घातक ठरतो. लेकीने पुढे कोणती दिशा धरावी, हे ओढणाऱ्याने ठरवू नये.