अजाणता झालेली चूक

वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणारा रस्ता असो वा जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग असो, रस्त्याकडेच्या खुणांची भाषा एकच. वर टोक असलेला त्रिकोण सावध करतो; लाल कडेचे वर्तुळ मर्यादा घालते. ‘पाटी दिसली नाही’ एवढे म्हटल्याने चालक दोषमुक्त होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याला दंड होऊ शकतो. हे कठोर भासले, तरी न्याय्यच आहे. कारण शाळेसमोर भरधाव आलेली गाडी अंगावर आली, तर चालकाचा हेतू निर्मळ होता म्हणून इजा टळत नाही. परंतु पाटीच नाहीशी झाली, तर चालकाने वाचावे काय? म्हणूनच धक्का लागून पाटी निकामी झाल्यास चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळविणे त्याच कायद्याने बंधनकारक केले आहे. चूक अजाणता होते. ती लपविणे मात्र जाणूनबुजूनच घडते.