सर्वोत्तम महिना कोणाचा?

सिअ‍ॅटलला मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यापुरते आलेल्या मराठी आईवडिलांच्या कार्यक्रमात अलास्काची क्रूझ आता बहुधा ठरलेलीच असते. बंदर घरापासून फार दूर नाही, प्रवास आठवडाभराचा, जेवणाखाण्याची विवंचना नाही आणि डोळ्यांपुढे हिमनद्या. अशा बेताची सुरुवात एका प्रश्नाने होते : जायला सर्वांत चांगला महिना कोणता? एकदोनदा जाऊन आलेला म्हणून हा प्रश्न माझ्याकडेही येतो. मी उत्तर देतो. परंतु देताना दर वेळी वाटते, की उत्तराआधी प्रश्नच तपासून पाहायला हवा.

रूढ उत्तर सोपे आहे. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे. जूनमध्ये जूनो शहरात दिवस १८ तासांचा होतो. जुलै उबदार. जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे ओढ्यांतून वर चढतात आणि त्यांच्यामागे अस्वले येतात. सप्टेंबर स्वस्त, पण पावसाचा. या माहितीत चूक काहीच नाही. मात्र ती सगळी पाहणाऱ्याच्या सोयीची आहे. नाटकाच्या प्रयोगाची वेळ विचारावी तसा आपण अरण्याचा महिना विचारतो. ज्यांच्याकडे आपण जाणार, त्यांचे त्या महिन्यात काय चालले आहे, हे विचारायचे राहून जाते.

त्या प्रदेशात उन्हाळा हा विश्रांतीचा काळ नव्हे, तो कमाईचा काळ आहे. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात विणीसाठी जातात आणि तेथे जवळजवळ काही खात नाहीत. वर्षभराची चरबी त्यांना अलास्काच्या थंड समुद्रात उन्हाळ्यातच साठवावी लागते. २०१४ ते २०१६ या काळात उत्तर प्रशांत महासागराचे पाणी असाधारण तापले, त्यांचे अन्न घटले, आणि नंतरच्या वर्षांत ग्लेशियर बे परिसरात दिसणाऱ्या देवमाशांची संख्या आणि पिलांचे प्रमाण दोन्ही खाली आले. अस्वलाचेही तसेच. सामन पोटात गेला नाही तर हिवाळ्याची झोप निभत नाही. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावे आणि अंगण किती गजबजलेले, किती सुंदर म्हणून कौतुक करावे, तसे काहीसे आपले होते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. एका जुलैत आमचे जहाज ग्लेशियर बेमध्ये शिरले. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी प्रवासी जहाजे सोडतात आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर आम्ही तासभर थांबलो. पुढे जॉन्स हॉपकिन्स नावाच्या अरुंद फ्योर्डच्या मुखाशी जहाज वळले आणि परत निघाले. आत जाणार नाही? शेजारच्या एका गृहस्थांनी किंचित रागानेच विचारले. एवढे पैसे भरून आलेल्यांना सर्वांत देखणी जागा बंद का, असा त्यांचा सूर होता. रेंजरबाईंनी शांतपणे सांगितले, की आतल्या तरंगत्या बर्फावर सील माद्या मेअखेरीपासून पिलांना जन्म देतात आणि दूध पाजतात. ऑगस्टमध्ये त्यांचे जुने केस गळून नवे येतात, तेव्हाही त्यांना पाण्याबाहेर पडून राहण्याची गरज असते. जहाज जवळ आले की त्या घाबरून पाण्यात उतरतात. म्हणून मे ते ऑगस्ट हा फ्योर्ड मोठ्या जहाजांना बंद असतो. त्यांनी आणखी काही समजावले नाही. पण आपल्याआधी कोणीतरी महिना निवडून ठेवलेला आहे, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

महिना निवडण्याची कला त्या भागात जुनीच आहे. ग्लेशियर बे ही हुना ट्लिंगिट लोकांची भूमी. अठराव्या शतकात वाढत आलेल्या बर्फाने त्यांना तेथून हुसकले. १७९४मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेला दिसला तो जवळजवळ बर्फानेच भरलेला उपसागर. १८७९मध्ये जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ ५० किलोमीटरांहून अधिक मागे सरला होता. मोकळ्या झालेल्या बेटांवर हुना लोक उन्हाळ्याच्या आरंभी समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करीत. त्यांचा रिवाज असा, की एक किंवा दोन अंडी असलेल्या घरट्यातून घ्यायचे. तीन असतील तर हात लावायचा नाही. तीन अंडी म्हणजे मादीची वीण पुरी झाली. त्याआधी घेतली तर ती पुन्हा घालते. विसाव्या शतकात उद्यानाच्या नियमांनी ही प्रथा बंद पाडली. २०१४मध्ये अमेरिकी कायद्याने ती मर्यादित स्वरूपात पुन्हा मान्य झाली. घेणाऱ्याने देणाऱ्याची वेळ पाहावी, हे तत्त्व यात इतके साधे होऊन आले आहे, की क्रूझच्या माहितीपत्रकांतील महिन्यांचे तक्ते त्यापुढे पोरकट वाटतात.

यजमान केवळ प्राणीच नाहीत. जूनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तेथे रस्ता जात नाही. वस्ती ३० हजारांच्या थोडी वर आणि २०२३पासून क्रूझचे प्रवासी वर्षाला १६ लाखांवर. शहराने २०२४पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, असा करार कंपन्यांशी केला. त्याच वर्षी शनिवार जहाजांविना असावा, असा प्रस्ताव मतदानाला आला आणि बहुमताने फेटाळला गेला, कारण अनेकांची चूल याच जहाजांवर पेटते. पुढे २०२६पासून दिवसाला १६ हजार आणि शनिवारी १२ हजार प्रवासी-खाटांची मर्यादा ठरली. शनिवारचे ते चार हजार कमी म्हणजे एका गावाने स्वतःसाठी मागून घेतलेला श्वास आहे.

आणि ज्या ऑगस्टची आपण सामन-अस्वलांसाठी शिफारस करतो, तो जूनोवासीयांसाठी आता धास्तीचा महिना झाला आहे. मेंडेनहॉल हिमनदीच्या कुशीतील एका खोलगटात साचणारे पाणी बर्फाखालून वाट काढून नदीत येते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये असे विक्रमी पूर आले; २०२४मध्ये सुमारे ३०० घरांचे नुकसान झाले. १० ऑगस्ट २०२५च्या पहाटे ट्रेसी आर्म या पर्यटकांच्या लाडक्या फ्योर्डमध्ये डोंगराचा कडा कोसळून प्रचंड लाट उठली. पहाटेची वेळ म्हणून तेथे जहाज नव्हते आणि जीवितहानी टळली. वितळता बर्फ पाहायला आपण जातो. तो वितळणे म्हणजे काय, हे तेथे राहणारे भोगतात.

मग जाऊच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. माझ्यापुरते उत्तर विचाराल तर सप्टेंबरचा पूर्वार्ध. तेव्हा पिले मोठी झालेली असतात, जॉन्स हॉपकिन्सची वाट मोठ्या जहाजांनाही खुली होते, गावावरचा भार उतरू लागलेला असतो, आणि आकाश निरभ्र असेल तर काळोखात ध्रुवप्रकाशही दिसू शकतो. ओढ्यांच्या काठी मेलेल्या सामनांची दुर्गंधी असते. तीही त्या अरण्याचीच, कारण ते मासे कुजूनच काठच्या झाडांना खत मिळते. पाऊस असतो, आणि भरपूर असतो. पण हे वर्षावन आहे. आंबोलीला जाऊन पावसाची तक्रार करणारा माणूस आपल्याकडे हसण्यावारी नेला जाईल.

या मताला आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. सप्टेंबरात समुद्र अधिक खवळतो, वयस्कांना तो सोसेलच असे नाही. शाळकरी मुलांच्या घरांना जुलैशिवाय पर्याय नसतो. आमच्या स्नेह्यांची अडचण तर सर्वांत मोठी : गणपतीला घरी परतायलाच हवे! शिवाय सप्टेंबरात गेले म्हणून जहाजाचा धूर कमी होत नाही. सगळेच सप्टेंबरला लोटले, तर तोही उद्या जुलै होईल.

म्हणून महिन्यापेक्षा मागणी बदलणे मला महत्त्वाचे वाटते. जुलैत जाणाऱ्याने अवश्य जावे. फक्त बंद फ्योर्डच्या मुखाशी जहाज वळेल तेव्हा आपले पैसे वाया गेले असे समजू नये. आत कोणाचे तरी बाळंतपण चालले आहे. आपल्या घरी अशा वेळी पाहुणे उंबरठ्यावरूनच विचारपूस करून परतत. तेवढी रीत आपल्याला अलास्कातही पाळता येईल.