खर्ज कोठे हरवला?

दिवाळीपूर्वीच्या रंगकामात आमच्या इंदूरच्या घराचा दिवाणखाना पुरता रिकामा झाला होता. यथावकाश कपाटे जागेवर आली, टर्नटेबल आले आणि दोन्ही स्पीकर आपापल्या कोपऱ्यांत विराजमान झाले. त्या संध्याकाळी थोरल्या काकांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या मारव्याची तबकडी लावावयास सांगितली. पाच-सात मिनिटे ऐकून ते म्हणाले, "बंद कर रे. तबकडी झिजली असेल, नाही तर माझे कान गेले असतील. खाँसाहेबांचा खर्जच ऐकू येत नाही."

काकांनी ऐंशी ओलांडली आहे. खाँसाहेब १९७४ साली कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. त्यापूर्वी तरुणपणी काकांनी त्यांना समोर बसून ऐकले होते. मंद्र सप्तकातील तो संथ आलाप ज्याच्या कानांत आहे, त्याला उणीव चटकन जाणवणारच. पुढे पंधरा दिवस काकांनी टर्नटेबलकडे ढुंकूनही पाहिले नाही. घरात कर्णयंत्राचा विषय निघाला, नव्या संचाचाही निघाला.

आम्हांस एक गोष्ट मात्र खटकत होती. वयोमानाने कान मंदावतात तेव्हा बहुधा प्रथम उंच स्वर जातात. काकांना तानपुऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू येत होती आणि नेमका खर्जच हरवला होता! मग स्पीकरच्या पाठीमागे डोकावून पाहिले. रंगकामानंतर तारा जोडताना आम्हीच एका स्पीकरची लाल व काळी तार उलटसुलट लावली होती.

असे झाले की एका स्पीकरचा पडदा हवेला पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे ओढतो. खालच्या स्वरांच्या लहरी लांब असतात; सेकंदास १०० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटरची. दोन स्पीकरांतून निघालेल्या अशा लहरी खोलीत एकमेकींना पुष्कळशा पुसून टाकतात. उंच स्वर त्या मानाने बचावतात. पारख सोपी आहे. जुनी मोनो तबकडी लावावी व दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसावे. गायक समोर, मधोमध बसल्यासारखा वाटला तर जोडणी ठीक. आवाज खोलीभर विखुरलेला, पोकळ वाटला, तर संच बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. दोन्हींच्या बदलल्यास काहीच साधणार नाही.

खर्ज परतला, पण आता तो घुमू लागला. हा कोपऱ्यांचा प्रताप. दोन भिंती आणि फरशी मिळून खालचे स्वर फुगवितात, डग्गा तर ढोलासारखा वाजतो. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन हात पुढे ओढले, बैठकीच्या कानाच्या उंचीवर तिवईवर ठेवले. आपण व दोन स्पीकर यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. उघड्या कोटा फरशीवर जाड सतरंजी पसरताच आवाजातील कर्कशपणाही निवाला. घरातील स्त्रियांनी तिवयांना नाके मुरडली, हे नमूद करणे भाग आहे.

टर्नटेबल स्पीकरच्याच फळीवर ठेवू नये. हादरे सुईपर्यंत पोहोचून आवाज पुन्हा घुमतो. ते वेगळ्या, भक्कम मेजावर ठेवून गवंड्याची पाणसळ लावून समतल करावे. सुई उड्या मारते म्हणून तिच्या डोक्यावर चार आण्याचे नाणे ठेवण्याची जुनी खोड पुष्कळ घरांत होती. तिने किती तबकड्या मारल्या असतील! सुईचा भार कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितला असेल तितकाच ठेवावा. पुष्कळशा चुंबकीय कार्ट्रिजना तो दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास लागतो. फार हलकी सुईही खाचेत नीट न बसता तबकडी खराब करते. सुईवरची धूळ मऊ कुंचल्याने मागून पुढे झाडावी, आडवी कधीही नव्हे. महागड्या तारांविषयी वाचक विचारतात. पैसा उरलाच, तर त्याच्या तबकड्या घ्याव्यात.

काकांचे कान आम्ही तरीही तपासून घेतले. वयाच्या मानाने बरे निघाले. त्या रात्री मारवा पुन्हा लावला. काका डोळे मिटून बसले होते. बाजू संपली, सुई उचलली, तरी ते काही बोलेनात. थोड्या वेळाने म्हणाले, "आता उलट. मागे दरबारी आहे."